दलाली वाचवणारा उंदीर

जनावरं घरं विकत घेत होती, तेव्हाची गोष्ट. नदीकाठच्या बिळांचे व्यवहार टिटवी जुळवायची. दलाली चोचभर दाणे. एका उंदराला तेवढेही जड झाले. त्याने परस्पर खेकड्याचं बीळ घेतलं.

"पाणी पार आतपर्यंत येतं, बरं का!" खेकडा अभिमानाने म्हणाला. दाणे वाचल्याच्या आनंदात उंदराने नुसती मान डोलावली.

आषाढात नदी चढली. पिल्लांना तोंडात धरून उंदीर कसाबसा बाहेर पडला. साठवलेलं धान्य वाहून गेलं.

"फसवलंस मला!"

"अरे, आधीच सांगितलं होतं की!" खेकडा वैतागला. "एवढं पाणी दुसरीकडे मिळतं का?"

उंदीर टिटवीकडे रडत गेला. तिने कपाळावर पंख मारून घेतला. "बाबा रे, खेकड्याचं घर घेतोयस, एवढं सांगायचंस तरी! धोका दिसला की ओरडून सावध करते, त्याचे कधी दाणे घेतलेत का मी?"