उर्शीचं सार

पाहुणे, झऱ्याच्या तोंडाशी हा मडक्याएवढा खळगा दिसतो ना, तिथे आमच्या गारवाडीतली माणसं चैत्र सरताना करवंदांचं गोड सार गार करायला ठेवतात. दोन दिवस करतात. पहिल्या दिवशीचं घरच्यांनी खायचं. दुसऱ्या दिवशीचं घरात कुणी चाखायचं नाही, ते दुसऱ्यांच्या लेकरांना वाढायचं. त्याला उर्शीचं सार म्हणतात. उर्शी आमच्यातली नव्हती. जर्मन होती.

वरच्या टेकाडावर इंग्रजांच्या काळी बंगला होता. त्यात एक जर्मन इंजिनियर, त्याची बायको हेडविग आणि सहा वर्षांची उर्सुला राहायची. वाडीच्या पोरांत खेळून मुलगी चांगलं मराठी बोलायची. तिची झाली उर्शी. मग मोठी लढाई सुरू झाली. जर्मन म्हणून सरकारने साहेबाला धरून नेलं. मायलेकींनाही लवकरच नेणार असं ठरलं. त्यातच उर्शीला ताप भरला, असं सांगतात. तीन आठवडे उतरला नाही.

बंगल्यावर दूध घालायला ठकूबाई भांगरे जायची. माझ्या आजोबांची ती बहीण. पोरगी काही खाईना, हे पाहून तिनं विचारलं, "उर्शे, तुला काय खावंसं वाटतं गं?"

"आजीकडचं लाल सार," उर्शी म्हणाली. "गार असतं. आंबट-गोड. त्यात पांढरे गोळे असतात."

हेडविगनं मोडक्या मराठीत समजावलं. तिच्या आईच्या अंगणात चेरीचं झाड होतं. उन्हाळ्यात चेऱ्या साखर-दालचिनी घालून शिजवायच्या, त्यात रव्याचे गोळे सोडायचे आणि तळघरात गार करून दुपारी जेवायचं. हेडविगही लहानपणी तेच खाऊन वाढलेली. सांगता सांगता तिला रडू आलं म्हणे. "इथे चेरी नाही," एवढंच ती म्हणाली.

ठकूबाईनं चेरी कधी पाहिली नव्हती. पण लाल आणि आंबट म्हटल्यावर तिला करवंद आठवलं. करवंदांना अजून महिना होता. तिनं घाटजाईला हात जोडले. "पोरीच्या तोंडी लागेपर्यंत मी करवंद चाखणार नाही," असं बोलली आणि उन्हाच्या कड्यावर चढली. तिथली जाळी लवकर धरते. दिवसभर काट्यांतून हात घालून तिनं ओंजळभर लालसर करवंदं आणली.

हेडविगनं ती शिजवली, गाळली, रव्याचे गोळे सोडले. बंगल्यात गारवा कुठला? ठकूबाई या झऱ्यात मडकं धरून बसली आणि सार गार केलं.

उर्शी उशीला टेकून बसली. तीन चमचे खाल्ले.

"आजीचं असं नाही," ती म्हणाली. मग चौथा चमचा मागितला. "पण छान आहे. उद्या पण करशील?"

"करते की," ठकूबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कड्यावर गेली. जवळची जाळी संपली होती, म्हणून लांब जावं लागलं. दुपार कलताना ती पदरात करवंदं घेऊन उतरली, तर बंगल्याच्या पायरीवर वाडीतल्या बाया डोक्यावर पदर ओढून बसलेल्या. उर्शी गेली होती.

ठकूबाई करवंदं टाकायला निघाली. हेडविगनं तिचा हात धरला. "उद्या म्हणालो होतो आपण," ती म्हणाली. तिनं चूल पेटवली. सार केलं, याच झऱ्यात गार केलं आणि लेकीबरोबर खेळलेल्या प्रत्येक पोराला आपल्या हातानं भरवलं. स्वतः एक थेंब घेतला नाही.

चौथ्या दिवशी शिपाई गाडी घेऊन आले. जाताना हेडविगनं लेकीच्या थडग्यावरची माती सारखी केली आणि ठकूबाईला म्हणाली, "उन्हाळ्यात तिला एकटं वाटू देऊ नका." पुढे तिचं काय झालं, ते इथे कुणाला कळलं नाही. ठकूबाई सत्तर वर्षांची होऊन गेली. पण करवंद तिनं परत तोंडात घातलं नाही.

आजही या वाडीत मूल आजारी पडलं की आधी त्याला काय खावंसं वाटतं ते विचारतात, आणि ऋतू असो-नसो, कुणीतरी शोधायला निघतं. गेल्या पौषात माझ्या नातीनं तापात आंबा मागितला. मुलगा तालुक्यापर्यंत हिंडून रिकाम्या हातानं परतला. पोरीनं त्याच्या धुळीनं भरलेल्या पायांकडे पाहिलं, आणि समोरची पेज मुकाट्यानं प्यायली.