भागाक्काची रांग

माणसं उसाला नुकती पाटाचं पाणी देऊ लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. बांधाखालच्या वारुळात पाणी शिरलं आणि मुंग्या अंडी उचलून उंचावरच्या बाभळीकडे निघाल्या. मुकादम होती भागाक्का. तिच्या रांगेत कुणी मागे रेंगाळायचं नाही की पुढे घुसायचं नाही.

इवली या वारुळात नवीन. तीही पुढचीच्या वासावर मुकाट चालत होती. पण तीच वाळकी शेंग तिसऱ्यांदा दिसली, तशी ती थबकली.

“आक्का, आपण गोल फिरतोय. पहिली मुंगी शेवटचीच्या मागे लागलीय.”

“रांग मोडलीय का कुठे?”

“नाही.”

“मग चाल की! काल आलीस नि आम्हाला शिकवतेस होय?”

पाणी शेंगेपर्यंत आलं. इवलीने अंडं घट्ट धरलं आणि ती रांगेबाहेर पडली. पुढे कुणाचाच वास नव्हता. तरी चढ बघून ती चालत राहिली. “मी वर निघाले. ज्यांना यायचंय त्यांनी या!”

एक म्हातारी मुंगी आली, मग चौघी, मग सगळ्याच धावल्या. ढकलाढकलीत अंडी निसटू लागली.

“आक्का, वाट मी शोधते,” इवली ओरडली, “पण यांना आवरणं मला जमायचं नाही. तुम्ही या!”

भागाक्काने मागच्या रिकाम्या वर्तुळाकडे पाहिलं. फार सुबक होतं ते. मग ती पदर खोचून धावली. “ए, ढकलू नका गं! एकीमागे एक!” आणि जन्मात पहिल्यांदा तिने विचारलं, “इवले, जायचं कुठे?”

इवलीने बाभळीचं खोड दाखवलं. पाणी चढलं तेव्हा खाली फक्त वर्तुळ भिजलं.