पौषात पारखलेला वारा

बाळांनो, डोंगराची एक लांब सोंड जिथे जंगलात उतरते, तिथे साग विरळ होत जातो आणि काळा कातळ उघडा पडतो. त्या सोंडेवर, उगवतीच्या बाजूला, एक सायाळ बीळ करून राहत असे. जागा तशी बेताचीच, पण सायाळ मोठी टापटिपीची. दारात पाचोळा नाही, कुरतडलेल्या मुळांचा पसारा नाही, अंगावरचे काटेसुद्धा जणू विंचरून ठेवलेले. तिला एकच दुःख होते. उन्हाळा लागला की बीळ भट्टीसारखे तापे. गेल्या वैशाखात तिचे पहिले पिल्लू त्या उष्म्याने दगावले होते, आणि यंदाही तिचे दिवस वैशाखातच भरणार होते.

तिचे लहानपण गेले खालच्या ओढ्याकाठी, आईच्या बिळात. बाहेर पाखरे चोची उघडून धापा टाकीत असली तरी आत आईच्या कुशीत पडले की कुठूनशी एक झुळूक येऊन नाकाला लागे. पुढे एका पावसाळ्यात ओढ्याला लोंढा आला, काठ खचला आणि ते बीळ गेले. सायाळ सोंडेवर राहायला आली, पण दुपार झाली की तिला तेच बीळ आठवे. माणसाचे तरी काय वेगळे आहे? गारवा म्हटला की आपल्याला लहानपणचाच आठवतो.

आईचे ते बीळ एका म्हाताऱ्या खवल्याने खणले होते. खवल्या तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. अंगभर खवले, लांब नखे, मुंग्या आणि वाळवी खाऊन राहणारा गरीब प्राणी. खणण्यात त्याचा हात धरणारा जंगलात दुसरा नाही. मात्र घाबरला की अंगाचा गोळा करून बसतो, मग वाघाने लोटले तरी उलगडत नाही. म्हातारा आता हयात नव्हता. त्याचा मुलगा तोच धंदा चालवीत होता. सायाळीने पौष महिन्यातच त्याला बोलावले.

"मला माझ्या आईच्या बिळासारखं गार बीळ हवंय," ती म्हणाली. "तुझ्या वडलांनीच खणलं होतं ते. जमेल का रे तुला?"

"ताई, बापाच्या पाठीमागे फिरून शिकलोय मी," खवल्या म्हणाला. "आतल्या खोलीला वाऱ्याचं एक भोक काढून देतो. बाहेर वणवा पेटू दे, आत तुम्हाला पांघरूण लागेल!"

चार दिवस तो खणत होता. नखे मोठी तरबेज. पाचव्या दिवशी सकाळी त्याने उगवतीच्या कातळाकडे भोक पाडले, आणि पौषातला बोचरा वारा सूं करून आत शिरला. सायाळीचे काटे एकदम उभे राहिले.

"अगं बाई! थंडी वाजली की रे मला!"

"मग? झालं ना काम?"

"झालं बाबा, झालं!"

सायाळ व्यवहाराला चोख. तिने आपल्या माहितीतली दोन भरलेली वारुळे त्याला त्याच दिवशी दाखवली. खवल्याने पोटभर खाल्ले आणि तो आपल्या वाटेने गेला.

आता इथे काय चुकले, ते एखाद्या चाणाक्ष पोराच्या ध्यानात आलेच असेल. दोघांनी मिळून भर पौषात गारवा पारखला! माझे वाणसामानाचे दुकान होते, तिथे थंडीत कोणी गिऱ्हाईक कुडकुडत आले आणि माठाला हात लावून "वा, काय गार आहे!" म्हणाले, तर मी त्याला सांगत असे, "अहो, आज तर माझ्या तराजूची पारडीसुद्धा गार आहेत. चैत्रात या."

चैत्र लागला आणि वारा फिरला. थंडीत उगवतीकडून येणारा वारा आता मावळतीकडून वाहू लागला. कातळाकडच्या भोकात त्याची फुंकरसुद्धा येईना. उलट सकाळचे ऊन त्या भोकातून थेट आत घुसे, समोरचा कातळ तापे, आणि त्याची धग दिवसभर खोलीत भरत राही. आधी नुसती भट्टी होती, आता भट्टीला तोंड फुटले.

तिथल्या उघड्या कातळावर एक टिटवी राहत असे. जिभेने फार तिखट.

"काय गं सायाळे, गार खोली केलीस म्हणे! कधी बोलावतेस बसायला?"

"आत्ता ये की," सायाळ धापा टाकीत म्हणाली. "येताना अंडी घेऊन ये. दोन दिवसांत उबवून मिळतील."

तिने खवल्याला निरोप धाडला. तो आला, दारातूनच डोकावला आणि म्हणाला, "हं. जरा गरम होतंय खरं."

"जरा? अरे, गेलं वर्ष परवडलं म्हणायची वेळ आणलीस माझ्यावर!"

"ताई, वारा देतो म्हणालो होतो, दिला. तो कुठल्या महिन्यात कुठून वाहील, त्याचा ठेका नव्हता घेतला मी."

"आणि मला वारा हिवाळ्यात हवा होता का रे? तेव्हा मी पाला अंथरून झोपत होते!"

"तुम्हीच तर थंडी वाजली म्हणालात. पसंती दिलीत. पसंतीनंतर मग..."

सायाळीचा संताप अनावर झाला. तिने पाठीवरचे सगळे काटे खळखळ वाजवून ताठ उभे केले. ते पाहताच खवल्याने अंगाचा गोळा केला. आता बोलायचे कोणाशी? काट्यांना कान नसतात आणि गोळ्याला तोंड नसते. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. टिटवी वरच्या दगडावरून मजा बघत होती. तिसऱ्या दिवशी खवल्या गोळ्याचा गोळाच उतारावरून गडगडत निघून गेला.

"पंचांच्या म्होरक्या अस्वलाकडे जा," टिटवी म्हणाली. "दर पौर्णिमेला पंच बसतात. खवल्याची खोड मोडतील. तूच जिंकशील बघ!"

"जिंकेनही," सायाळ म्हणाली. "पण पौर्णिमेला अजून वीस दिवस आहेत, आणि माझे दिवस पंधरा दिवसांत भरतात. पिल्लाला अंथरायला निकाल काय कामाचा गं? निकाल काही गार नसतो."

त्या दुपारी तिला खोलीत बसवेना. दारातल्या तोकड्या सावलीत ती पोट जमिनीला टेकून पडली. डोळे मिटले की आईचेच बीळ दिसू लागले. आणि मग तिला एक गोष्ट आठवली, जिच्याकडे तिने तेव्हा कधी लक्ष दिले नव्हते.

दर वैशाखात, ऐन दुपारी, म्हातारा खवल्या न बोलावता येई. आई त्याच्यापुढे काहीबाही ठेवी. तो दोन घास खाई आणि सरळ आतल्या खोलीत जाऊन पडे, तो ऊन उतरेपर्यंत. छोट्या सायाळीला त्याचा राग येई, कारण सगळ्यांत गार जागा तो अडवी. "आई, हा आपल्याकडेच का झोपतो? याला घर नाही?" आई म्हणे, "पडू दे गं त्याला." उठल्यावर म्हातारा एका भिंतीशी थोडी माती लिंपे, दुसरीकडे नखाने थोडे उकरी, आणि "येतो बरं का वहिनी" म्हणून निघे.

"अगं बाई," सायाळ स्वतःशीच पुटपुटली, "तो झोपायला येतच नव्हता!"

मला विचाराल तर असे म्हातारे मीही पाहिले आहेत. आमच्या दुकानात न्हानू कुंभाराचे माठ असत. फाल्गुनात माठ देऊन जाई आणि वैशाखात भर उन्हात घरोघर फिरून म्हणे, "वाईच पाणी देता का?" आम्ही म्हणायचो, काय तहान आहे या माणसाची! फार वर्षांनी कळले, तो आपलेच माठ चाखत हिंडे. ज्या घरचे पाणी कोमट लागले, तिथे दुसऱ्या दिवशी नवा माठ पोचलेला असे. आता न्हानूही नाही आणि तसे पाणी मागणारेही नाहीत.

तर, सायाळ उठली आणि काटे अंगाशी चापून बसवून खवल्याच्या दारात गेली. तिला पाहताच त्याने मान आत घ्यायला सुरुवात केली.

"थांब, थांब. भांडायला नाही आले. उद्या दुपारी माझ्याकडे जेवायला ये."

"जेवायला?" खवल्याने एक डोळा बाहेर काढला. "काटे कुठल्या वाटीत वाढणार आहात?"

"वाळवीने भरलेला ओंडका शोधून ठेवलाय. तुझे वडील यायचे आमच्याकडे. तू का येऊ नयेस?"

वाळवीचे नाव काढल्यावर खवल्या नाही कसा म्हणेल? दुसऱ्या दिवशी डोक्यावर ऊन आले असता तो हजर झाला. सायाळीने ओंडका मुद्दामच आतल्या खोलीत ठेवला होता.

"तू सावकाश जेव. मी इथे दारात बसते. मला आत बसवत नाही."

खवल्या आत गेला. थोडा वेळ चुबुक चुबुक आवाज आला. मग आवाज थांबला.

"ताई, बाहेर येऊन जेवलो तर चालेल का?"

"आता जेवलास ना? मग पड जरा. तुझे वडील ऊन उतरेपर्यंत पडायचे."

खवल्या ओशाळला. ओशाळला की त्याला एकच ठाऊक. त्याने अंगाचा गोळा केला. पण त्या धगीत गोळा किती वेळ टिकणार? खवले तापले, आतल्या आत जीव गुदमरला, आणि जन्मात पहिल्यांदा तो समोरचे निघून जाण्याची वाट न पाहता आपणहून उलगडला. पोट जमिनीला टेकून धापा टाकीत पडला. जरा बरे वाटेल म्हणून इकडून तिकडे सरकला, तिथून पलीकडे सरकला. मागच्या भिंतीशी पोचला आणि तिथेच थांबला. तिथली माती पोटाला जरा, अगदी जराशीच, गार लागत होती.

त्याने नाक त्या मातीला लावून पाहिले.

"ताई," त्याचा आवाज आतून आला, "या भिंतीपलीकडे काय आहे हो?"

"मावळतीकडची घळ आहे. करंजाची दाट सावली आहे. चैत्रातही तिथे ओल असते."

"आणि सगळा वारा तिकडून येतोय." खवल्या बाहेर आला आणि सायाळीपासून हातभर अंतरावर बसला. "मी इकडे का नाही खणलं?"

"पौषात तुला कळलं नसतं रे. तेव्हा सगळीच जमीन गार. मला तरी कुठे कळलं?"

"बाबांबरोबर मी सगळीकडे फिरायचो," खवल्या जमिनीकडे बघत म्हणाला. "ते दुपारी लोकांच्या घरात झोपायचे, मी बाहेर कंटाळून बसायचो. मला वाटायचं, म्हातारा झोपाळू आहे. ते गेल्यावर त्यांचं सगळं खणणं मी सांभाळलं, झोपणं तेवढं सोडून दिलं. म्हटलं, कोणाला आहे एवढा वेळ!"

सायाळीने उरलेला ओंडका आतून ओढून आणला आणि त्याच्याकडे सरकवला.

मागची भिंत कठीण मुरुमाची होती. पौषातली माती चार दिवसांत निघाली होती, या मुरुमाला नऊ दिवस लागले, आणि नखांची टोके झिजून बोथट झाली. कातळाकडचे भोक त्याने दगड-मातीने पक्के बुजवले. रोज दुपारी, काम थांबवून, तो खोलीत आडवा पडून पाही, मग पुन्हा उठून चार अंगुळे उजवीकडे नाहीतर डावीकडे उकरी. टिटवीने विचारले, "काय रे, कामावर झोपतोस?" तो म्हणाला, "हेच तर काम राहिलं होतं."

दहाव्या दुपारी घळीतला वारा आत आला. सायाळ खोलीत गेली आणि ऊन उतरले तरी बाहेर आली नाही. आपल्या इतर गिऱ्हाइकांच्या घरी एकेक दुपार काढायला खवल्या निघून गेला. अशी सात घरे होती. त्यांतल्या चारांना नव्याने भोके पाडावी लागली, असे म्हणतात.

आणि वैशाखात, कातळावर पाय ठेववत नव्हता अशा एका दुपारी, सायाळीला पिल्लू झाले. एवढेसे, मऊ काट्यांचे. रडले, प्याले आणि झोपी गेले. सायाळीने किती वेळ त्याचे पोट वरखाली होताना पाहिले. वर्षभर तिला दुपारची झोप आली नव्हती. त्या दिवशी पिल्लाशेजारी तिचाही डोळा लागला.

तात्पर्य : उन्हाळ्यासाठी केलेले काम हिवाळ्यात पारखू नये, आणि दुसऱ्यासाठी बांधलेल्या घरात एक दुपार स्वतः काढल्यावाचून हात झटकू नयेत.