दिवाणसाहेबांचं चित्र

हेल्मुट ब्राउअर हा जर्मन चित्रकार बड्या धेंडांची लबाडी चित्रांतून उघडी पाडायचा. तिथल्या सरकारने त्याची चित्रं जाळली, तसा तो जीव मुठीत धरून एका मराठी संस्थानात आश्रयाला आला. राजेसाहेबांनी परीक्षा म्हणून दिवाणसाहेबांचं चित्र काढायला सांगितलं. त्यातली हावरी नजर पाहून दरबार गालात हसला.

"असलं भिकार काढतोस म्हणूनच जाळली तुझी चित्रं!" दिवाण कडाडले. "राजेसाहेब, हाकला याला!"

हेल्मुट नम्रपणे म्हणाला, "खरंय, दिवाणसाहेब. मी सुमारच चित्रकार. माझी बहुतेक चित्रं फसली, ती तिथे सुखरूप आहेत. जाळली फक्त हुबेहूब उतरलेली. हुकूम करा, हे जाळू?"

दिवाणांनी ते चित्र लगेच आपल्या कचेरीत टांगायला लावलं, आणि हेल्मुट संस्थानात राहिला.