बांधावरचा डबा

एकदा एक शिष्या आपले ध्वनिमुद्रणयंत्र फारच जपून मावळातल्या एका गावी घेऊन आली. भातलावणीचे दिवस होते. गावातल्या हौसाआजींना येणारे लावणीचे एक जुने गाणे आता दुसऱ्या कुणालाच पुरते येत नव्हते, म्हणून तिला ते मुद्रित करायचे होते; पण आजी ते घरात बसून म्हणत नसत. "हात चिखलात गेल्याबिगर मला न्हाई आठवत," असे त्यांनी आधीच सांगून टाकले होते. लावणीचे एकच खाचर उरले होते आणि दुपारपर्यंत तेही संपणार होते.

दमट हवा बाधू नये म्हणून शिष्येने यंत्र आणि माइक रात्रभर विश्रामगृहाच्या एसी खोलीत ठेवले होते. सकाळी थेट बांधावर येऊन तिने पेटी उघडली, आणि पाहता पाहता माइकच्या जाळीवर दव साचले. हेडफोनमध्ये नुसती चरचर. खाचरात तर आजींनी गाणे सुरू केले होते. तिला रडूच कोसळायचे बाकी होते.

सोबत तिचे वृद्ध गुरू होते. रानावनातले आवाज टिपण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांनी माइक पुसला नाही, की चुलीजवळ नेला नाही. यंत्रासकट तो आपल्या पिशवीतल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला, सोबत ओल शोषायला फडक्यात बांधलेले, भाजून गार केलेले तांदूळ घातले, आणि डबा तिथेच बांधावर छत्रीखाली ठेवून दिला.

"ओलाव्याने बिघडलेले यंत्र पुन्हा ओलाव्यातच?" तिने विचारले.

"तासभर हात लावू नकोस. तोवर खाचरात उतर."

"मला लावणी येत नाही, गुरुजी."

"तुला काय काय येत नाही त्याची यादी नंतर करू. उतर."

ती उतरली. आजी एक ओळ म्हणत, बाकीच्या बायका ती झेलत. हातात रोपांची मूठ आली तशी तिच्याही तोंडी ओळ आली. "वाकडं लावलंस तरी रुजंल, पोरी," आजी म्हणाल्या, "म्हन पुढं."

तासाने डबा उघडला तेव्हा जाळी कोरडी होती. उरलेले अर्धे गाणे स्वच्छ मुद्रित झाले. मग खाचर संपले आणि आजी हात धुऊन घरी गेल्या.

परतताना ती म्हणाली, "यंत्र जपण्यात मी कुठे कमी पडले?"

"जपलेस, पण इथल्या हवेला परके ठेवून जपलेस," गुरू म्हणाले. "गार वस्तू दमट हवेत उघडली की पाणी धरतेच. फ्रिजमधली बाटली बाहेर काढून बघ. आधी झाकण लावूनच गार वस्तूला बाहेरच्या उबेत बसू द्यावे. ऊब आत जाते, ओल जात नाही. मग उघडावे."

"पण पहिले अर्धे गाणे गेले ते गेलेच."

"गेले?" गुरूंनी एवढेच विचारले.

तिने मनातल्या मनात पहिली ओळ म्हणून पाहिली. मग दुसरी, मग तिसरी. ती रस्त्याच्या कडेला थांबली, वही काढली आणि चिखलाच्या हातांनीच लिहू लागली.