पूल झाला, शेंग द्या

एक होती खारूताई. झुपकेदार शेपटी, इवलंसं पोट. तिला सापडली एक शेंग. घरी ढोलीत पिल्लू होतं, सकाळपासून उपाशी. खारूताई निघाली, टुणुक टुणुक. ओढ्यापाशी आली, पुलावर चढली.

"डरांव!"

खारूताई केवढी दचकली. पुलावर बेडूकदादा, पुढ्यात टोपली.

"पूल बांधायचाय. शेंग टाक."

"पण पिल्लू उपाशी आहे."

"ते खरं गं. पण टाक."

टप्प. शेंग टोपलीत.

खारूताई रडवेली झाली. "बेडूकदादा, बेडूकदादा, शेंग दे ना."

"मी नुसता घेतो. घोरपडमावशी सांगेल, तर देईन."

टुणुक टुणुक. घोरपड बेडकावर लक्ष ठेवायची. शेंग खात होती, कुडुम कुडुम.

"घोरपडमावशी, घोरपडमावशी, बेडकाला सांग. बेडूक शेंग देईना, पिल्लू काही जेवेना."

"मी नुसती बघते. मोरकाका सांगेल, तर सांगीन."

टुणुक टुणुक. मोर घोरपडीवर लक्ष ठेवायचा. शेंग खात होता, कुडुम कुडुम.

"मोरकाका, मोरकाका, घोरपडीला सांग. घोरपड बेडकाला सांगेना, बेडूक शेंग देईना, पिल्लू काही जेवेना."

"मी नुसता मान डोलावतो. गवाआजोबा सांगतील, तर सांगीन."

टुणुक… टुणुक… गवाआजोबा केवढे मोठे. खारूताईने मान वर केली, आणखी वर.

"गवाआजोबा, गवाआजोबा, मोराला सांगा. मोर घोरपडीला सांगेना, घोरपड बेडकाला सांगेना, बेडूक शेंग देईना, पिल्लू काही जेवेना."

"अगं, पूल बांधणाऱ्यांना खाऊ नको का?"

"पूल तर कधीच झाला, आजोबा. मी त्यावरच चढले होते."

आजोबांनी कान हलवले, फडफड.

"पुलासाठी 'द्या' म्हणालो होतो खरं. 'पुरे' म्हणायचं राहूनच गेलं."

मग गवाआजोबा मोराला म्हणाले, "पुरे."

"आणि पूल मोडला तर?" मोराने विचारलं.

"मोडला तर मागू. तेवढ्यापुरतं."

मोर घोरपडीला म्हणाला, "पुरे." घोरपड बेडकाला म्हणाली, "पुरे." बेडकाने टोपली उपडी केली, खळखळ.

"घे बाई तुझी शेंग. माझेही पाय आखडले बसून बसून." आणि गेला पाण्यात, डुबुक.

खारूताई पळाली घरी, टुणुक टुणुक टुणुक. शेंग फोडली, कट्ट. आत दोन दाणे. एक दिला पिल्लाला.

दुसराही पिल्लालाच.

शेंग संपली, गोष्ट निजली.