ठकूबाईचे उपास

आसरखेडच्या माळावरच्या मठात घोंगडेमहाराजांचा मुक्काम पडला आणि गावाच्या भक्तीला ऊत आला. त्यातही मठाचे कारभारी शेषराव! त्यांचा नमस्कार इतका लांबे, की मागची रांग उन्हात वाळून जाई.

मठात ठकूबाई राबे. नवरा परगावी गेला तो गेलाच. पदरात दोन पोरी. पहाटे सडा-सारवण, दुपारी पत्रावळी लावायच्या, दिवस कलताना धान्य निवडायचं. बदल्यात आठवड्याला मिळे ती ज्वारी तिघींना चार दिवस पुरे. उरलेले तीन दिवस दोघींनाच. म्हणून तिने सोमवार, गुरुवार आणि शनिवार धरले होते. देवाच्या नावाने उपाशी राहिलं, की पोरी काही विचारीत नाहीत.

"काय ठकूबाई, आज कोणता देव?" शेषराव म्हणत. "अशानं महाराजांच्या आधी तूच समाधी घेशील!" बाया तोंडाला पदर लावून हसत. ठकूबाई खराटा पुढे ओढी. उत्तर द्यायलाही अंगात जोर लागतो.

भंडारा सोमवारी आला. त्या आठवड्यात धाकटीच्या तापापायी तिचे कामाचे दोन दिवस बुडाले, ज्वारीही तेवढीच कमी मिळाली. चूल आदल्या दिवसापासून पेटली नव्हती.

"दादा, ओंजळभर तांदूळ आत्ताच द्या. माझं राहू द्या, पण पोरी कालपासून..."

"आधी पंगती उठू देत," शेषराव म्हणाले. " तुमच्या घरी उपासाची सवय आहेच की!"

पाने मांडली, मंडळी बसली. पण भात काही शिजेना! आधण खळखळे, वाफ आढ्याला लागे, आणि डावावर दाणे खड्यांसारखे. सरपण बदललं, आचारी बदलला. शेवटी घामाघूम शेषराव महाराजांकडे धावले.

महाराज म्हणाले, "सरपण सुकं आहे, तांदूळही चांगला आहे. पण गावात एक चूल कालपासून थंड आहे, शेषराव. तिच्याआधी ही कशी शिजवील?" आणि त्यांनी ठकूबाईकडे पाहिलं.

शेषराव तांदळाचं गाठोडं डोक्यावर घेऊन निघाले.

"वाकून या दादा, चौकट ठेंगणी आहे."

ते चुलीपुढे उकिडवे बसले. धुराने डोळे चुरचुरले. थोरली म्हणाली, "काका, वरून नाही, खालून फुंका!" जाळ धरला, आणि बघता बघता भात फुलून आला. पोरी जेवल्या.

"माझा सोमवार आहे," ठकूबाई म्हणाली.

दारात महाराज उभे होते. "बाई, तुझे सगळे सोमवार मला पोचले. आता जेव."

तिने पहिला घास घेतला मात्र, मठाकडून आरोळी आली, "भात शिजला हो!"

शेषरावांनी महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. महाराजांनी पाय मागे घेतले. "इथे नाही."

शेषराव वळले. "ठकूबाई, यापुढे सात दिवसांची ज्वारी. तिघींची."

तिने ते ऐकलंच नाही. उष्टा हात तसाच पानावर ठेवून, भिंतीला टेकून तिला झोप लागली होती. शेषरावांनी तिच्या भेगाळलेल्या पावलांपाशी डोकं टेकलं. पोरींनी ओठांवर बोट ठेवून त्यांना खुणावलं, आवाज करू नका.